बोटावरचे नव्व्याण्णव

डॉ. कुमुद देवस्थळी मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले ते पेणच्या एसटी स्टँडवर. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच बीएएमएस होऊन पेणच्या एका खाजगी रुग्णालयात आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणून लागलो होतो. रोह्याहून भुलीच्या मॅडम येणार आहेत, त्यांची बॅग घ्यायला जा, असे मला सांगण्यात आले होते. मॅडम बसमधून उतरल्या त्या एक निळी बॅग पोटाशी धरून, मांडीवरून पोर उचलावे तशी. मी हात पुढे केला. त्या म्हणाल्या, “ही मी घेते. तू माझा डबा घे.”

त्या बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेले त्यांचे स्वतःचे पल्स ऑक्सिमीटर होते. बोटाला चिमटा लावला की रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दाखवणारे हे यंत्र आज प्रत्येकाच्या कपाटात पडलेले असते. तेव्हा आमच्या रुग्णालयात ते एकही नव्हते. रोहा आणि पेण दोन्हीकडची ऑपरेशने मॅडम सांभाळत आणि यंत्र त्यांच्याबरोबर एसटीतून हिंडत असे.

सिझेरियनची तयारी चालली होती. मॅडमनी चिमटा माझ्याच बोटाला लावला.

“किती?”

“अठ्ठ्याण्णव.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे श्वास व्यवस्थित चाललाय.”

“बरं. आता श्वास रोखून धर.”

मी धरला. मॅडम शांतपणे औषधे भरत राहिल्या. माझ्या कानात घंटा वाजू लागल्या, आकडा मात्र हलेना. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, सोडा आता. आधी पेशंटला टेबल लागेल, तुमची सोय नाही इथे.” मी धापा टाकत श्वास सोडला. मॅडम म्हणाल्या, “तुझा श्वास बंद होता आणि हा अठ्ठ्याण्णवच म्हणत होता. मग खोटं कोण बोलत होतं? तू का हा?”

मी कॉलेजपासून रोजनिशी लिहितो. त्या दिवसाच्या पानावर लिहिले आहे: ‘आकडा म्हणजे श्वास नव्हे. मग आकडा म्हणजे नक्की काय?’ खाली चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. उत्तर कळले की भरायच्या म्हणून. त्यांतली दीड ओळ आजवर भरली आहे.

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने मला जो विषय दिला, तो मॅडमना ओळखणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी असलेला आहे: मॅडमनी नुसत्या नजरेने ओळखून मूर्तिकाराच्या घरातल्या बाईंचे प्राण कसे वाचवले. मी तिथे हजर होतो, म्हणून मीच लिहावे, असा आग्रह झाला. माझी अडचण अशी की त्या दिवशीचे पान माझ्यापाशी आहे आणि त्यात ‘नुसत्या नजरेने’ असे काही नाही. गौरवलेखात काय लिहावे आणि काय सोडावे, हे मला अजूनही धड कळलेले नाही. दोनदा लिहून फाडले. आता जसे आहे तसे लिहितो. वाचकांनी, आणि मॅडमनीही, सांभाळून घ्यावे.

आधी मॅडमच्या कामाविषयी. त्यांनी हजारो माणसांना भूल दिली असेल. त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते, कारण माणूस शुद्धीवर येतो तेव्हा त्याला टाके घालणारा डॉक्टर आठवतो, झोपवणारा नाही. मॅडमना त्याचे कधी काही वाटले नाही. त्यांना एकाच गोष्टीची चीड होती, आणि ती म्हणजे न समजता लिहिलेला आकडा. केसपेपरवर नुसते ‘सॅच्युरेशन ९८’ दिसले की त्या पेपर परत पाठवत. हवेवर की ऑक्सिजनवर? कुठल्या हाताचे बोट? बोट गार होते का? पडद्यावरची नाडीची लाट नीट उमटत होती का? “आधी बोट बघायचं, मग आकडा,” हे त्यांचे वाक्य आमच्या वॉर्डातल्या आयांनाही पाठ होते.

रोह्याच्या रुग्णालयात त्या दर शनिवारी दुपारी वर्ग घेत. डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, शिवाय जवळच्या धाटावच्या कंपन्यांतल्या प्रथमोपचार खोलीतली मंडळी शिफ्ट संपवून येत. पहिल्याच वर्गात मॅडमनी सगळ्यांना याच यंत्रावर दहा साधे प्रश्न घातले. त्यांत आमचे मोठे एमडी सरही होते. पेपर गोळा झाले. मॅडमनी ते मोठ्याने वाचले, पण कोणाचेही नाव घेतले नाही. आम्ही काय काय लिहिले होते! एकाने लिहिले होते, आकडा ऐंशी म्हणजे शंभरात ऐंशी, डिस्टिंक्शन. सगळे हसले. एमडी सर सगळ्यांत मोठ्याने हसले. तो पेपर कोणाचा होता हे मला माहीत आहे, पण मॅडमनी सांगितले नाही तर मी तरी कशाला सांगू?

त्यांच्या मायेचे एकच उदाहरण देतो. कोलाडकडच्या एका आदिवासी वाडीतून एक आई सहा महिन्यांचे बाळ घेऊन आली होती. बाळाला धाप लागली होती. सिस्टरांनी पावलाला चिमटा लावून पाहिला, आकडा येईना. दुसरा चिमटा आणला, तरी येईना. “मशीन बिघडलंय,” असे ठरले. मॅडम ऑपरेशन थिएटरमधून बाहेर पडून घरी निघाल्या होत्या. त्या तिथेच फरशीवर बसल्या आणि बाळाचे पाऊल दोन्ही तळव्यांत धरून राहिल्या. आई घाबरून म्हणाली, “काय करताव, बाई?”

“काय नाय गो. पाय गार पडलाय, ऊब देतेय.”

थोड्या वेळाने चिमटा लावला, तर आकडा आला. तो बराच खाली होता. बाळाला लगेच ऑक्सिजन सुरू झाला. मॅडम उठताना गुडघ्यावर हात ठेवून एवढेच म्हणाल्या, “मशीनला काय झालं नव्हतं. आपल्याला घाई झाली होती.” त्यांच्या बोलण्यात ‘तुम्हाला’ नव्हते, ‘आपल्याला’ होते. त्या वेळी मला ते फक्त सौजन्य वाटले.

करोनाच्या काळात घरोघर ऑक्सिमीटर आले आणि मॅडमचा फोन दिवसभर वाजू लागला. वरसे गावचे एक गृहस्थ दर अर्ध्या तासाने आकडा कळवत. शहाण्णव, पंच्याण्णव, पुन्हा शहाण्णव. मॅडम त्यांना म्हणाल्या, “हे बघा, तो चिमटा कपाटात ठेवा आणि वहिनींना मेथी निवडून द्या. एक जुडी निवडताना दम लागला तर मला फोन करा.” पलीकडून वहिनींचा आवाज आला, “डॉक्टर, दोन जुड्या सांगा!” त्या दिवसांत हसण्याच्या जागा फार कमी होत्या, म्हणून ही लिहून ठेवली.

आता त्या दिवसाकडे येतो.

करोना ओसरून दोन पावसाळे झाले होते. आषाढ चालू होता. पेणमध्ये आषाढ म्हणजे मूर्तींचे दिवस. घरामागच्या प्रत्येक पडवीत, शेडमध्ये गणपती ओळीने बसलेले असतात, आणि येणारे पेशंट रंगलेल्या हातांनी येतात. नखांवर सोनेरी, निळा, शेंदरी रंग वाळून बसलेला असतो आणि त्यातून यंत्राचा उजेड नीट आरपार जात नाही. म्हणून मॅडमच्या सांगण्यावरून आमच्या कॅज्युअल्टीत नेलपॉलिश काढायच्या औषधाची बाटली आणि कापूस कायम ठेवलेला असे. इतर गावांतल्या रुग्णालयांत ही बाटली दिसणार नाही.

सकाळी अकराच्या सुमारास नरेश नावाचा तरुण बायकोला मोटरसायकलवर घेऊन आला. तिचे नाव वनिता. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात त्यांचा घरचाच छोटा कारखाना होता. नरेश मूर्ती घडवायचा, वनिता रंग भरायची आणि नरेशची आई हिराबाई डोळ्यांची आखणी करायची. मूर्तीत जीव येतो तो आखणीने, त्यामुळे घरात शेवटचा शब्द हिराबाईंचा असे.

“काय होतंय?” मी विचारले.

“डोका ठनकतंय. सकालधरनं दोनदा उलटी झाली. गरगरतंय.”

“उपास वगैरे?”

“उपास कसला? चाय बटर खाल्लंय.”

नरेश म्हणाला, “रंग आनायला जेलतो. येऊन बघतो तर ही रंगाचा ब्रश चायच्या कपात धुते. म्हटलं, हिचा डोका फिरला.”

“तुमचा नाय फिरला? पिवला सांगितला, नारिंगी आनला,” वनिता डोळे मिटूनच म्हणाली.

मी हसलो. नरेश पुढे म्हणाला, “आईचा पन डोका दुखतंय. ती पडलीय जरा तितंच.” हे वाक्य मी ऐकले. ऐकले एवढेच नाही, तर लिहिलेही. पानावर आहे: ‘सासूचेही डोके दुखते. घरात वाद?’

मग मी मॅडमच्या शिकवणुकीप्रमाणे सगळे केले. वनिताच्या चार बोटांचा रंग स्वतः कापसाने काढला. नखे गुलाबी दिसेपर्यंत काढला. बोट गार नाही ना, हे पाहिले. चिमटा लावला. लाट सुरेख होती. आकडा आला नव्व्याण्णव, तोही साध्या हवेवर. नाडी जलद होती, पण उलट्या झाल्यावर असतेच. रक्तदाब चांगला. पित्त, असे निदान केले. इंजेक्शन लिहिले. तासाभराने घरी सोडायचे ठरवले.

तेवढ्यात मॅडम आल्या. हर्नियाचे एक ऑपरेशन आटोपून त्या चहाला निघाल्या होत्या. मी नवरा-बायकोने सांगितलेली सगळी हकीकत सांगितली आणि मग अभिमानाने म्हणालो, “मॅडम, रंग काढला, बोट उबदार आहे, लाट चांगली आहे, हवेवर नव्व्याण्णव.”

मॅडमनी वनिताकडे पाहिले, यंत्राकडे पाहिले आणि म्हणाल्या, “छान.”

आणि त्या जिना चढून वर गेल्या.

लोक जी गोष्ट सांगतात तिच्यात हा ‘छान’ नाही. तिच्यात मॅडम दारातून पाहतात आणि ओळखतात. माझ्या पानावर ‘छान’ आहे, त्याच्यापुढे वेळ आहे, आणि त्यानंतर जवळजवळ दहा मिनिटे काहीच नाही. त्या दहा मिनिटांत मी दुसऱ्या एका पेशंटच्या पायाचे ड्रेसिंग केले. नरेश बाहेर पावसाकडे बघत उभा होता. गावात त्याची आई पडून होती.

मग मॅडम खाली आल्या. चहाचा कप हातातच होता, रिकामा. माझ्याजवळ येऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, “दिनेश, मला कळत नाहीये.”

“काय, मॅडम?”

“एवढं डोकं दुखतंय, एवढी उलटी. ब्रश चहात धुतलान्. आणि आकडा नव्व्याण्णव. आकडा कमी असता तर मला कळलं असतं. हा चांगला आहे म्हणून कळत नाहीये.”

पित्ताने असे होऊ शकते, असे मी म्हणालो. मॅडमनी मान हलवली, पण ती होकारार्थी होती की नकारार्थी, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या वनिताच्या पलंगावर बसल्या.

“वनिता, सकाळी काय काय केलंस, ते सांग बघू.”

“काय करनार? रंग भरला. लाईट नव्हती. मूर्ती वल्ल्या, सुकंना. शेगड्या पेटवल्या.”

“कसल्या?”

“कोलशाच्या. दोन.”

“शेडला खिडकी आहे?”

“हाय, पन झड येते ना आत. चारी बाजूनी प्लॅस्टिक बांधलाय घट. वारा पन नाय शिरत.” हे तिने कौतुकाने सांगितले. शाडूच्या कच्च्या मूर्तीला पावसाचा शिंतोडा लागला तर महिन्याचे काम मातीला मिळते. प्लॅस्टिक घट्ट बांधणे ही त्यांच्या कामातली सफाई होती.

मॅडमनी कप खाली ठेवला. “नरेश, आई कुठे पडल्यात म्हणालास?”

“तितंच. शेडमंदी. शेगडीजवल ऊब हाय म्हनून.”

“फोन लाव.”

हिराबाईंनी फोन उचलला नाही. पुन्हा लावला, तरी उचलला नाही. नरेश म्हणाला, “हात मातीचं असतील.” आणि मग त्याचा चेहरा बदलला. तो मोटरसायकलकडे धावणार तोच मॅडमनी त्याचे मनगट धरले. “तू पोचेपर्यंत उशीर होईल. शेजारी कोण आहे?”

शेजारच्या कारखान्यातल्या बाळारामला फोन लागला. नरेशने स्पीकर चालू केला. मॅडम बोलल्या, “बाळाराम, मी डॉक्टर बोलतेय. नरेशच्या शेडचं प्लॅस्टिक फाडा. सगळ्या बाजूंनी. आधी फाडा, मग आत शिरा आणि हिराबाईंना बाहेर काढा.”

पलीकडे पावसाचा आवाज. मग बाळाराम म्हणाला, “प्लॅस्टिक फाडू? बाई, झड केवढी हाय! मूर्ती इरघलतील सगल्या. नरेश मना जीता सोडल का?”

मॅडमनी नरेशकडे पाहिले. त्या शेडमध्ये त्या कुटुंबाचे वर्ष ओळीने मांडून ठेवलेले होते. नरेशला ते दिसत असणार. एक क्षण गेला. किती मोठा, ते मी लिहिलेले नाही.

“फाड, मेल्या!” नरेश ओरडला. “विला घे न् फाड!”

हिराबाईंना आणले ते मूर्ती पोचवायच्या टेम्पोतून, पेंढ्याच्या थरावर ठेवून. त्या हाक मारल्यावर नुसत्या कण्हत होत्या. इथे आमची दुसरी चूक झाली, आणि ती एकट्या माझी नव्हती. सिस्टरांनी सवयीने त्यांच्या बोटाला चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव. खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल पडले. मला ते दिसले, कारण माझेही पडले होते. आमचे फिजिशियन सर धावत आले होते, तेही म्हणाले, “सॅच्युरेशन चांगलं आहे की. मॅडम, अठ्ठ्याण्णव असताना ऑक्सिजन कशाला?”

मॅडमनी यंत्राचा पडदा पंजाने झाकला. “याच्याकडे आता कोणी बघायचं नाही. बाईंकडे बघा.” आणि त्यांनी पिशवीचा मास्क हिराबाईंच्या तोंडावर घट्ट बसवून ऑक्सिजन पूर्ण सोडला. वनिताला तसा मास्क त्यांनी फोन संपताच लावला होता.

कोंडलेल्या जागेत जळणाऱ्या कोळशाचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो. रक्त लालच राहते, आणि यंत्राला ते ऑक्सिजनने भरलेले वाटते. हे आम्ही सगळे परीक्षेपुरते शिकलो होतो. पण ते वाक्य पुस्तकात होते आणि आकडा डोळ्यांसमोर होता. फिजिशियन सरांचा चेहरा उतरला. मॅडम त्यांना नाही, आम्हा सर्वांना समजावल्यासारख्या म्हणाल्या, “याला लाल दिसतं एवढंच कळतं. कशानं लाल, ते नाही कळत.”

वनिता आता जरा सावध झाली होती. मास्कच्या आतून तिचा आवाज आला, “म्हंजे शेंदरी न् लाल याला येकच दिसतंय व्हय? आमच्याकडं याला रंगाला कोन बसवनार नाय.”

त्या दिवशी पहिल्यांदा मॅडम हसल्या.

तो वायू नेमका मोजणारी तपासणी आमच्याकडे नव्हती. ऑक्सिजन चालू ठेवूनच हिराबाईंना मोठ्या रुग्णालयात हलवले. मॅडम अँब्युलन्समध्ये बरोबर बसल्या. आठ दिवसांनी हिराबाई चालत घरी आल्या. शेडमधल्या समोरच्या दोन ओळींतल्या मूर्ती त्या दिवशी विरघळून गेल्या होत्या. मॅडम भेटायला गेल्या तेव्हा हिराबाईंचे स्वागताचे शब्द असे होते: “बाय गो, माजं गनपती भिजवलंस तू.”

“भिजवले खरे.”

“मंग पुढल्या सालला रंग भराया ये. फुकट नाय सोडनार.”

तेव्हापासून मॅडम दर आषाढात तिथे जातात. रंग भरायला नव्हे. शेडची एक बाजू उघडी आहे ना, हे पाहायला. हिराबाई त्यांना रागावतात, “शेगडी बघाया आलीस?” आणि चहा देतात.

इथे गोष्ट संपायला हरकत नाही. माझी मात्र संपली नाही. महिनाभर मला नीट काम करता येईना. मी सगळे नियमाने केले होते. मला राहून राहून वाटे की मी रंग काढला नसता तर? आकडा उमटलाच नसता, मला काही कळले नसते, आणि मग कदाचित मी वनिताला आणखी चार प्रश्न विचारले असते. म्हणजे नियम पाळला म्हणून चुकलो का? की पाळलेला नियम अपुरा समजला म्हणून? नोकरी सोडण्याचे मनात आले. मॅडमना तसे सांगितले. त्यांनी समजूत घातली नाही. “या शनिवारी रोह्याला ये,” एवढेच म्हणाल्या. “हे सगळं उभं राहून सांग.”

मी सांगितले. माझे निदान सांगितले, ‘घरात वाद?’ हेही वाचून दाखवले. मॅडम पहिल्या बाकावर बसल्या होत्या. पण त्यांच्या ‘छान’वर आलो आणि तो शब्द गिळला. गुरूचा मान राखावा, असे वाटले. थेट ‘मॅडम खाली आल्या’ असे म्हणून पुढे गेलो.

मॅडमनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. “दिनेश, अपुरं सांगितलंस. मी आधी ‘छान’ म्हटलं होतं. आणि चहा प्यायला गेले होते. ते सांग.”

वर्गात कौतुकाची कुजबुज झाली. एमडी सर म्हणाले, “मॅडम, हा तुमचा विनय.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम गोंधळून इकडे तिकडे पाहत राहिल्या. त्यांचे म्हणणे कोणाला पटलेच नाही. म्हणून ही गोष्ट आजही ‘नुसत्या नजरेने’ अशीच फिरते आहे.

तो विनय नव्हता, हे सांगण्यासाठी मी हा लेख लिहितो आहे. बाळाचे पाऊल धरून त्या ‘आपल्याला घाई झाली होती’ म्हणाल्या, ते सौजन्य नव्हते, हेही मला त्या शनिवारी समजले. मॅडम नोंद करत होत्या. आपलीही.

मग मी गौरव कशाचा करतो आहे? त्या चुकल्या याचा तर नाही. त्या परत आल्या याचा. पण का आल्या, हे कोडे मला कित्येक दिवस सुटले नव्हते. दहा मिनिटांऐवजी अर्धा तास लागला असता तर, हा विचार आला की अजूनही उठून ते पान उघडतो. हा लेख लिहिण्याआधी गेल्या महिन्यात रोह्याला त्यांच्या घरी गेलो आणि ते पान त्यांना वाचायला दिले. हे छापू का, असे विचारले.

मॅडमनी चष्मा लावून सावकाश वाचले. “दहा मिनिटं लिहिलीयस. मला जास्त वाटतात. बिस्किटही खाल्लं होतं मी.”

“मॅडम, तुम्ही परत का आलात?”

“कळलं नाही म्हणून आले. कळलं असतं तर वरच बसले असते.” थोडे थांबून म्हणाल्या, “तुला कळलं होतं, म्हणून तू ड्रेसिंगला गेलास.”

हे शब्द मऊ नव्हते. पण इतक्या वर्षांत मला मिळालेले हे सगळ्यांत प्रेमाचे उत्तर आहे, असे मला वाटते. नक्की सांगता येत नाही.

निघताना टेबलावर ते जुने निळ्या बॅगेतले यंत्र दिसले. अजून चालते. मॅडमनी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

“किती?”

“पंच्याण्णव.”

“म्हणजे काय?”

वीस वर्षांपूर्वी मी ताबडतोब उत्तर दिले होते. या वेळी मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो आणि त्यांचे बोट हातात घेतले. ते गार होते. मी दोन्ही तळव्यांत धरले. “अजून कळत नाहीये, मॅडम,” मी म्हणालो. “जिना चढताना दम लागतो का? रात्री झोप कशी लागते?”

मॅडम आरामात मागे टेकून बसल्या, आणि एकेका प्रश्नाला खरीखुरी उत्तरे देऊ लागल्या. मी लिहून घेतली. हात उबदार झाल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हा सत्त्याण्णव आले. तेही लिहिले, पण शेवटी.

मॅडमना पुष्कळ आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे रोह्याच्या घराचा जिना आणि हिराबाईंच्या शेडची वाट चढत-उतरत राहोत. आणि आमच्यापैकी कोणी त्यांना ‘सगळं छान आहे’ असे सांगितले, तर ‘मला कळत नाहीये’ असेच त्यांना वाटो, आणि त्या हातातला कप घेऊन आमच्याकडे परत येवोत.